आमची वाटचाल : डांबरी रस्त्याच्या पलीकडे

मोबाइल आल्यावर साताऱ्यातील बहुतेक एस.टी.डी. बूथवाल्यांनी रिचार्जची दुकाने थाटली. आम्ही मात्र २००७ मध्ये ५.८ गिगाहर्ट्झमधील रेडिओलहरींची ५० मेगाहर्ट्झची पट्टी परवानामुक्त झाल्यावर सी वर्गाचा, म्हणजे लहान क्षेत्रापुरता, इंटरनेट सेवा देण्याचा (आयएसपी) परवाना घेतला आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या वाड्या-वस्त्यांना बिनतारी इंटरनेट देण्याचे ठरवले.

बामणोलीच्या वरच्या धारेवर उभारलेला पहिला खांब, त्यावरची डिश आणि मीठ-कोळसा भरून केलेले अर्थिंग आजही शाबूत आहे. दहा किलोमीटरच्या लिंकला, म्हणजे दोन खांबांमधील बिनतारी जोडणीला, मध्यावर फ्रेस्नेल झोनची (लहरींसाठी मोकळ्या ठेवाव्या लागणाऱ्या पट्ट्याची) त्रिज्या सुमारे ११ मीटर लागते, हे जाणकारांना सांगायला नको. तरीही मार्चमध्ये, पानगळीत झाडे उघडी असताना सर्व्हे करून टॉवर उभारणारे आम्ही पाहिले आहेत. गिऱ्हाईक पावसाला दोष देते. पण या फ्रिक्वेन्सीला पाऊस फारसा अडवत नाही, अडवतात ती ओली पाने आणि कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांनी श्रावणात धुके फुटण्याची वाट पाहत दुर्बीण घेऊन धारेवर बसावे, आणि रेडिओत, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रात, शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

मेढ्याकडील रस्त्यालगतची गिऱ्हाइके दरमहा पैसे भरत, आणि त्यांच्याच जिवावर लाँचने जावे लागणाऱ्या गावांतील आमच्या लिंक चालत, असा आमचा हिशेब होता. २०१६ नंतर एका बड्या कंपनीचा जवळपास फुकट डेटा आला आणि हा हिशेब कोलमडला. त्यांच्या जाहिरातीत ‘गावोगावी’ असे लिहिलेले होते. टॉवर मात्र डांबरी सडक सोडून आत गेला नाही, आणि डोंगराच्या मागे रेंजची एक कांडीही दिसत नव्हती. ज्यांच्या घरी आम्ही भर पावसात खांबावर चढून रेडिओ बदलले होते, त्यांनी आमचे राउटर परत आणून दिले. बँकेचे हप्ते थकले, तंत्रज्ञ पुण्याला गेले, आणि आमची गिऱ्हाइके घेऊन गेलेल्या त्या कंपनीच्या स्थानिक वितरकाने आमचे खांब भंगाराच्या भावात मागितले. ते शब्द आम्ही विसरलेलो नाही.

त्या वेळी पलीकडच्या काठावरील दूध संकलन केंद्राच्या नानांनी वर्षभराची रक्कम आगाऊ आणून दिली. दुधाचे मोजमाप, खात्यावरची रक्कम आणि शेजारच्या रेशन दुकानाचे ई-पॉस यंत्र आमच्याच लिंकवर चालत असे. ती बंद पडल्यास आधारच्या अंगठ्यासाठी माणसांना यंत्र घेऊन रेंज शोधत टेकडी चढावी लागे. नानांनी कधी दर विचारला नाही, मात्र रेडिओ किती वेळ बंद होता, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवली, आणि ती वही आमच्या नोंदींपेक्षा अधिक बिनचूक निघाली.

पुढची वर्षे बरी गेली. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे आणखी पट्टे मोकळे झाल्याने चॅनेलची ओढाताण कमी झाली. गेल्या पावसाळ्यात तोच वितरक आमच्या धारेवरील खांबावर आपला रेडिओ लावण्यासाठी जागा मागत आला. भाडे बारा महिन्यांचे आगाऊ भरावे लागेल, असे आम्ही त्याला लेखी कळवले आहे.