टॉप-अप करून ब्रेक ऑइल नवं होत नाही

इंजिन ऑइल कधी बदललं, असं पुण्यात आमच्या धनकवडीत कुणालाही विचारा, निदान महिना तरी सांगतील. सर्व्हिसिंगच्या बिलावर ते ठळक लिहिलेलं असतं, पुढचं कधी बदलायचं त्याचं स्टिकरही चिकटवून मिळतं. आता विचारा, ब्रेक ऑइल कधी बदललं? रेडिएटरमधलं कूलंट? गिअरबॉक्सचं तेल? "ते कमी झालं की टाकतात ना गॅरेजवाले!" टाकतात, खरं आहे. पण खालचं जुनं तसंच ठेवून वरून थोडं ओतलं, तर जुन्याचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

माझी सगळी नोकरी भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये गेली. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, प्रेसच्या तेलाचं सॅम्पल ठरलेल्या तारखेला लॅबला जायचं. तेलात कण किती, पाणी किती, याचा रिपोर्ट फाइलला लागायचा. प्रेस चालतोय म्हणजे तेल ठीक आहे, असं एखादा नवा मुलगा म्हणाला, की आमचे फोरमन बोलण्यात वेळ घालवत नसत. टाकीच्या तळाचा कॉक उघडून काय येतं ते त्याला दाखवायचे. निवृत्तीनंतर नात्यातल्या आणि सोसायटीतल्या गाड्यांचे कॉक मी तशाच नजरेनं उघडते.

पावसाळा संपल्यावर दिराची वॅगन-आर पार्किंगमध्ये घेतली. गाडी दहा वर्षांची, वापर जपून, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. भाचा सीटवर बसला, मी मागच्या डाव्या चाकाशी. पॅडलचा दाब ब्रेक ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक ते, म्हणून सुरुवात तिथून. चाकापाशी ऑइल सोडायचं जे निपल असतं, त्यावर पारदर्शक नळी चढवली, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवलं, म्हणजे हवा उलटी शिरत नाही. "मावशी, दाबू?" "दाब. धरून ठेव. आता सोड." नळीत जे उतरलं ते कोऱ्या चहासारखं होतं, आणि त्यात काळे बारीक कण. नवीन ब्रेक ऑइल फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं आरपार दिसणारं असतं. दीर शेजारीच उभे होते. म्हणाले, "वहिनी, हे ब्रेकचंच आहे ना? वरच्या डब्यात तर स्वच्छ दिसतं."

वरच्या डब्यात स्वच्छ दिसणारच. तिथे दर सर्व्हिसिंगला नवं पडतं. ब्रेकच्या पाइपांत तेल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. पॅडल दाबलं की जरासं सरकतं, सोडलं की परत येतं. त्यामुळे चाकापाशी असलेलं ऑइल वर्षानुवर्षं चाकापाशीच राहतं. काळे कण असतात ते बहुधा रबराच्या सीलची आणि होजची झीज.

रंगापेक्षा मला काळजी असते पाण्याची. डॉट ३ आणि डॉट ४ हे बाटलीवर लिहिलेले ब्रेक ऑइलचे दर्जे. ही दोन्ही ऑइलं ग्लायकॉलच्या जातीची, हवेतला ओलावा ओढून घेणारी. वरच्या डब्याच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतीतून ओल आत झिरपतच असते, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश असावा लागतो. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. शहरात सिग्नल ते सिग्नल चालवताना ऑइल एवढं तापत नाही, म्हणून वर्षं निघून जातात आणि काहीच जाणवत नाही. पण सिंहगडावरून पाच माणसं बसवून उतरताना, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर ठेवून, डिस्क किती तापत असेल याचा विचार करा. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल थेट तळाला जातं आणि गाडी जाते तशीच पुढे जाते.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की गाडी कशीबशी थांबवून अर्धा तास उभी केली तर वाफ पुन्हा द्रव होते आणि पॅडल पूर्ववत कडक लागतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कुणाला काही सापडत नाही. "ब्रेक तर चांगले आहेत" असं सांगून गाडी परत मिळते. म्हणून घाट उतरताना एकदा जरी पॅडल मऊ लागलं असेल, तर ऑइल पूर्ण बदलून घ्या, तपासणीत काही सापडो न सापडो.

(नवले पुलाच्या उतारावर जड वाहनांचे अपघात झाले की लोक मला विचारतात, तेही असंच का? तसं नाही. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तिथे ड्रम आणि त्याला घासणारे लायनर तापून पकड जाते, आणि न्यूट्रलमध्ये उतार घेतला तर इंजिनचा अडसरही राहत नाही. कारण वेगळं. खालच्या गिअरमध्ये उतरायचं, हे मात्र कारलाही तेवढंच लागू.)

टॉप-अपबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. ब्रेक ऑइलची पातळी खाली आली, याचा अर्थ बहुतेक वेळा पॅड झिजले असा असतो. पॅड पातळ झाले की कॅलिपरमधले पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. म्हणजे पातळी उतरणं ही सूचना आहे. किंवा गळती आहे, आणि मग ती जास्त तातडीची. न बघता वरून ओतलं की सूचना पुसली गेली. पातळी कमी दिसली तर आधी पॅड बघायला सांगा, मग चाकांच्या आतली बाजू ओली आहे का ते.

बदलायला साध्या कारला अर्धा ते एक लिटर पुरतं. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदला म्हणतात, गाडी कमी चालली तरी, कारण ओल किलोमीटर मोजत नाही. बाटली सीलबंद घ्या. उघडून कपाटात ठेवलेली उरलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नका, तीही ओल पितच असते. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नका. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सुटतो.

कूलंटबद्दल पुण्यात एक समज घट्ट आहे: इथे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी चालतं. शेजारच्या काकांच्या जुन्या सेडानमध्ये कित्येक वर्षं बोअरचं पाणी पडत होतं. रेडिएटर खालून उघडला तर गढूळ तपकिरी पाणी आलं, मागोमाग गंजाचे पोपडे, आणि झाकणाच्या आत पांढरा क्षार. गोठू न देणं हे कूलंटचं एक काम. आपल्याला उपयोगी कामं दुसरी आहेत. त्यातली रसायनं ॲल्युमिनियमचं हेड, वॉटर पंप, रेडिएटर यांना गंजू देत नाहीत, आणि ग्लायकॉलमुळे उकळण्याची मर्यादा वर जाते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचा दाब आणि ग्लायकॉल मिळून इंजिनला खंबाटकी घाटाच्या चढावर, एसी चालू असताना, सुरक्षित जागा देतात. गंज थांबवणारी रसायनं काळानं संपतात, रंग हिरवा दिसत असला तरी. पाणी मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड. काकांच्या गाडीचं रेडिएटर शेवटी बदलावं लागलं.

स्कूटरचं तर कुणी नावच काढत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला मागच्या चाकापाशी छोटी गिअरपेटी असते आणि तिचं तेल वेगळं असतं, शंभर-सव्वाशे मिली फक्त. पुतणीच्या स्कूटरमधून राखाडी, दुधाळ तेल आलं. दुधाळ म्हणजे पाणी शिरलेलं. पावसात सिंहगड रोडला तुंबलेल्या पाण्यातून रोज कॉलेजला जाते ती. त्या शंभर मिलीवर बेअरिंग आणि गिअर चालतात, आणि ते बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पुण्यात एवढ्या स्कूटर आहेत, तरी इंजिन ऑइलबरोबर हे आपणहून बदलणारे मेकॅनिक मला फार थोडे भेटले. तुम्ही तोंडानं मागा.

कारच्या गिअरबॉक्सचं थोडक्यात. ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावर मऊ राखाडी लेप येतो, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे आले तर घाबरा. गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या सिंक्रोच्या पितळी रिंगांची झीज चुंबकावर चिकटत नाही, ती तेलात सोनेरी चमक म्हणून दिसते. तेल घेताना मॅन्युअलमध्ये गिअर ऑइलचा दर्जा जीएल-४ म्हटला असेल तर "हे जास्त भारी आहे" म्हणून जीएल-५ घेऊ नका. त्यातलं गंधक-फॉस्फरसचं प्रमाण काही पितळी भागांना मानवत नाही.

रंगावर पूर्ण विसंबूही नका. डिझेलचं नवं इंजिन ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. उलट सीएनजी गाडीचं ऑइल मुदत संपली तरी स्वच्छ दिसतं, कारण काजळी कमी. इंजिनच्या ऑइल झाकणाखाली पावसाळ्यात पिवळट फेस दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं असंच नसतं. रोज घर ते मंडई एवढीच फेरी असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ तिथे साठते. कूलंटही कमी होत असेल तर मात्र दाखवा. ब्रेक ऑइलमधलं पाणी मोजायचं साधं पेन मिळतं. ते नसेल तर तारीख बघायची. मी ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणाजवळ महिना आणि वर्ष मार्करनं लिहून ठेवते.

राहिलं निघालेलं तेल. आमच्या भागातली सगळी गटारं आंबिल ओढ्याकडे जातात आणि ओढा मुठेत. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात, म्हणून ते उघड्या भांड्यात क्षणभरही ठेवू नका. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल एका कॅनमध्ये, ब्रेक ऑइल दुसऱ्यात, कूलंट तिसऱ्यात. जळकं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. मी माझे कॅन ओळखीच्या वर्कशॉपमध्ये देते, कारण त्यांचं पिंप तसा रिसायकलर उचलतो. देण्याआधी त्यांची पावती बघायला मागितली होती, त्यांनी दाखवली. तुमच्या गॅरेजवाल्यालाही विचारा.