जांबोटीकडच्या आमच्या घरात होमस्टे सुरू केला त्याचा अनुभव

बेळगावहून चोर्ला घाटातनं गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर, जांबोटीच्या पुढं थोडं आत आमचं सासरचं कौलारू घर आहे. तिथं होमस्टे करायचं निघालं तेव्हा पहिली हरकत सासूबाईंची आली. त्या माळकरी, दिंडी मुक्कामाला आली की ह्याच सोप्यात पिठलं-भाकरीच्या पंगती उठायच्या, मग त्याच घरात आता माणसाकडनं झोपायचे पैसे घ्यायचे म्हणजे कसं? बरेच दिवस ह्यावर बोलणं चाललं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, खोलीचं भाडं घ्या, लाईटबिल आहे, दरवर्षी कौलं परतायची असतात, पण पाणी, चहा आणि आल्या आल्या जे ताटात वाढाल त्याचे पैसे लावायचे नाहीत. तेच धरून चाललोय.

कागदपत्रांचं सांगते. कर्नाटकात होमस्टेची नोंदणी पर्यटन खात्याकडं होते, पाच खोल्यांपर्यंतच देता येतात आणि मालक त्याच घरात राहणारा पाहिजे. मला ही अट फार पटली, घरचं माणूसच नसेल तर पाहुणचार करणार कोण? पंचायतीचं एनओसी, पोलीस व्हेरिफिकेशन, घराचे कागद हे सगळं आलंच. अर्ज कन्नडात, माझं कन्नड बाजारापुरतं, तर शेजारच्या अक्का दुपारभर बसून एकेक रकाना वाचून दाखवत होत्या आणि मी भरत होते, त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं. आणि परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (आधी ह्याला फॉर्म सी म्हणायचे) 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, नवीन सुरू करणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवा. आधार घेताना मास्क्ड मागा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, लोकांच्या कागदांची काळजी घेणं हा पण पाहुणचारच आहे.

एअरबीएनबी ह्या बुकिंगच्या साईटवर घराची माहिती टाकताना वरच लिहिलं की घरात विठ्ठल-रखुमाई आहेत, पहाटे घंटा वाजते, मटण-मासे आणि दारू चालत नाही. अशानं बुकिंग कमी येणार असं दोघा-तिघांनी सांगितलं. येऊ दे कमी, वाचून येतो तो माणूस मोकळा राहतो. मात्र आरतीला या म्हणून कुणाला हाक मारायची नाही हे पण तेव्हाच ठरलं. यायचं त्यानं यावं, देवघराचं दार उघडंच असतं.

एकदा हुबळीकडचं एक मुसलमान कुटुंब आलं, बरोबर म्हातारे आजोबा. त्यांनी संकोचत विचारलं, मावळत कुठल्या बाजूला? सासूबाई काही न बोलता आत गेल्या, ट्रंकेतली न वापरलेली पांढरी चादर काढली, माजघरातली जागा पुसून घेतली, वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, तांब्याच्या कळशीत गरम पाणी ठेवलं आणि मला मिक्सर बंद करायला लावला. नमाज होईपर्यंत नातवाला पण त्यांनीच परसात फिरवलं. निघताना आजोबांना नाचणीच्या पिठाची पुरचुंडी देऊन पाया पडल्या, वारीत जसं एकमेकाला माऊली म्हणून पडतात तसंच. आजोबांचे डोळे भरून आले, माझेही.

गोव्याकडनं ख्रिश्चन पाहुणे येतात ते शनिवारी राहिले तर बेळगावात कॅम्पातल्या फातिमा चर्चची रविवारच्या मिसाची (प्रार्थनेची) वेळ मी आधीच विचारून ठेवते आणि नाश्ता लवकर करते, कारण तिथं पोचायलाच वेळ लागतो.

पावसाळ्याचं मात्र अवघड आहे. आमच्याकडचा आणि पुढं घाटाकडच्या कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, चादरी वाळतच नाहीत, लाईट जाते, फोनला रेंज नसते. म्हणून चुलीच्या खोलीत वर दोऱ्या बांधल्यात, जास्तीचे सेट घेतलेत आणि बुकिंगच्या आधीच फोन करून सगळं खरं खरं सांगते.

आता मागची खोली पण पाहुण्यांसाठी तयार करतोय. तिला उंबरा आणि पायऱ्या ठेवल्या नाहीत, सरळ उतार केलाय, शिवाय बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची आहे. यल्लम्माला सौंदत्तीला जाऊन येणारी वयस्कर माणसं पुष्कळ असतात, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ती खोली आधी त्यांनाच द्यायची असं सासूबाईंनी सांगून ठेवलंय.