एकवचन, अनेकवचन आणि २३७ अक्षरं

गेला महिनाभर, रात्री घरातले झोपले की मी एका नसलेल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत बसतो. त्याचं नाव उक्सन. म्हणजे यंत्र कागदावर आहे, आणि सी भाषेतला एक चिमुकला प्रोग्रॅम त्याची हुबेहूब नक्कल करतो. हंड्रेड रॅबिट्स नावाचा दोघांचाच स्टुडिओ आहे, त्यांनी २०२१ मध्ये ते जगासमोर आणलं. शिडाच्या बोटीवर राहून, सौर पॅनेलच्या विजेवर काम करणारी माणसं ही. जुन्या, अशक्त मशीनवरही आपली साधनं चालावीत, एवढी साधी गरज होती त्यांची.

यंत्र सगळं डोक्यात मावतं. ६४ केबी मेमरी, २५६ बाइटांचे दोन स्टॅक (म्हणजे चळती: शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं), ३२ मूळ आज्ञा. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडे ठेवायचा कप्पा, एकही नाही. जे काही करायचं ते स्टॅकवर ठेवून, वरून उचलून. दिवसा मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याची नुसती सेटिंगची फाइल यापेक्षा मोठी असेल.

पहिल्याच दिवशी मला त्याची असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या आज्ञा नावांनी लिहायची भाषा, ओळखीची वाटली, आणि का ते कळायला दोन दिवस लागले. तिथे क्रियापद शेवटी येतं! ‘#०२ #०३ ॲड’. दोन, तीन, मिळव. इंग्रजी बोलणाऱ्यांना म्हणे ही उलटी रचना अंगवळणी पडायला वेळ लागतो. आपण जन्मापासून असंच बोलतोय.

पडद्यावर ‘ए’ हे रोमन अक्षर उमटवायचं तर एवढंच लिहायचं: ‘#४१ #१८ डीईओ’. आकडे हेक्समधले, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतले: नऊनंतर ए ते एफ. ४१ म्हणजे ते अक्षर. १८ मधला १ म्हणजे कन्सोल हे उपकरण, ८ म्हणजे त्याचं लिहिण्याचं पोर्ट. अशी १६ उपकरणं, प्रत्येकाला १६ पोर्ट. डीईओ म्हणजे ‘पाठव’. असेंबलर, म्हणजे ही भाषा बाइटांत उतरवणारा प्रोग्रॅम, याचे पाच बाइट करतो: ८० ४१ ८० १८ १७. यातला ८० म्हणजे ‘पुढचा बाइट उचलून स्टॅकवर ठेव’. मध्ये कसलीही जादू नाही. आपण जे लिहिलं तेच, त्याच क्रमाने, मेमरीत ०१०० या पत्त्यापासून जाऊन बसतं.

आता माझा घोळ.

मजकूर छापणारं रूटीन, म्हणजे हवं तेव्हा हाक मारता येईल असा आज्ञांचा तुकडा, लिहिलं होतं. स्टॅकवर मजकुराचा पत्ता. त्या पत्त्यावरचं अक्षर वाच, कन्सोलला पाठव, पत्ता एकने वाढव, पुढे शून्य येईपर्यंत हेच कर. छान चाललं. मग हौसेने लांबलचक मजकूर घातला, तर २३७ अक्षरं नीट आली, नंतर काहीतरी मोडकं चिन्ह, आणि पूर्णविराम. प्रोग्रॅम शहाण्यासारखा थांबला. एरर नाही, तक्रार नाही.

तो पूर्णविराम मी मजकुरात लिहिलाच नव्हता.

पत्ता दोन बाइटांचा असतो, आणि उक्सनच्या स्टॅकला तो ‘एक पत्ता’ आहे हे ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी ते दोन सुटे बाइट. दोन्ही मिळून एक धरायचे की नाही, हे आज्ञेने सांगायचं असतं, नावापुढे २ लावून. ‘इंक’ म्हणजे ‘एकने वाढव’. मी ‘इंक२’ ऐवजी ‘इंक’ लिहिलं होतं. मराठीच्या बाईंनी लाल शाईने गोल केला असता अशी चूक: कर्म अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. इंक फक्त वरचा, म्हणजे पत्त्याचा उजवा बाइट वाढवतं. ०११३ चं ०११४ होतं, कुणाला काही कळत नाही. पण ०१एफएफ नंतर ०२०० यायला हवं, तिथे हातचा घ्यायला कुणी नाही. उजवा बाइट शून्यावर आला आणि पत्ता झाला ०१००.

म्हणजे प्रोग्रॅमची सुरुवात. माझा मजकूर ०११३ ला सुरू होत होता. तिथपासून ०१एफएफ पर्यंत मोजा, बरोबर २३७ भरतात. त्यानंतर पठ्ठ्या स्वतःचेच बाइट अक्षरं समजून छापायला लागला होता. सातवा बाइट २ई, म्हणजे ‘जेएसआर२’, रूटीनला हाक मारणारी आज्ञा. आणि २ई हाच पूर्णविरामाचाही कोड! आठवा बाइट शून्य, म्हणजे ‘थांब’; छापणाऱ्याच्या दृष्टीने मजकूर संपला. मी एकटाच मोठ्याने हसलो.

एखाद्या कडक भाषेच्या कंपायलरने ही चूक लिहितानाच पकडली असती, हे मान्य. उक्सन पकडत नाही, आणि रोजच्या कामासाठी मी ते कुणाला सुचवणारही नाही. पण शेवटचं बाहेर पडलेलं चिन्ह कुठून आलं, हे बाइटावर बोट ठेवून सांगता आलं, असं माझ्या पोटापाण्याच्या कामात गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. तिथे आम्ही सर्व्हर बंद करून परत चालू करतो.

दुरुस्ती: इंकच्या ०१ च्या जागी इंक२ चा २१. फाइलची लांबी तेवढीच राहिली.