मुळाशी आधी कोण पोहोचते

ठाण्याच्या पावसाळ्यात गच्चीवर मिरची-वांग्याची रोपे करणाऱ्यांना रोपे कोलमडण्याचा रोग चांगलाच परिचयाचा असतो. नुकतेच उगवलेले रोप मातीलगत पाणीदार होते, तिथेच बारीक पडते आणि आडवे होते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे बुरशी किंवा बुरशीसदृश रोगकारक त्यामागे असतात. अशी रोपे दिसू लागल्यावर अनेकजण उपयुक्त जिवाणूंचे पाकीट आणायला धावतात. पण आडवे झालेले रोप त्याने उठत नाही. उपयुक्त जिवाणूंचे काम रोगापूर्वीचे आहे, आणि म्हणूनच मी मात्रेपेक्षा वेळेला अधिक महत्त्व देतो.

बी रुजताना त्यातून आणि कोवळ्या मुळातून शर्करा व अमिनो आम्ले पाझरतात. या अन्नावर रोगकारक आणि उपकारक दोघेही टपलेले असतात, त्यामुळे जो आधी पोहोचतो त्याचे पारडे जड होते. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू लोह घट्ट धरून ठेवणारी द्रव्ये सोडतो, त्यामुळे बुरशीच्या वाट्याला लोह फारसे उरत नाही. त्याचे काही वाण प्रतिजैविकेही तयार करतात, तर काहींच्या सहवासात रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. अझोस्पिरिलम हा दुसरा जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतो हे खरेच, परंतु तो संप्रेरक तयार करून उपमुळे आणि मूलरोम वाढवतो, हा गुण मला रोपवाटिकेत अधिक मोलाचा वाटतो. अशा मूलवासी जिवाणूंमुळे होणाऱ्या वाढीविषयी क्लोपर आणि श्रॉथ या संशोधकांनी १९७८ मध्ये लिहिले, तेही मुळ्याच्या पिकावर.

बीजप्रक्रियेत जिवाणू संवर्धकाचे, म्हणजे पाकिटातील जिवाणूयुक्त मिश्रणाचे, सर्वसाधारण प्रमाण १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम असे सांगितले जाते. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात संवर्धक कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. रासायनिक बुरशीनाशक वापरायचेच असेल तर ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून मी ते उघड्या बादलीत रात्रभर ठेवतो.

दुकानाच्या दारात उन्हात रचलेली पाकिटे मात्र घेऊ नयेत. बॅसिलस हा जिवाणू बीजाणूरूपात उष्णता बऱ्यापैकी सोसतो. स्यूडोमोनासला ते जमत नाही.

मुरबाड-शहापूरकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळण्याची, रीत आहे. त्या आचेने तणांचे बी मरते, तसेच वरच्या थरातील बरेवाईट सूक्ष्मजीवही मरतात. अशा वाफ्यात बियाण्यासोबत जिवाणू देणे मला विशेष सयुक्तिक वाटते, आणि लावणीपूर्वी रोपांची मुळे अझोस्पिरिलमच्या द्रावणात बुडवून घेण्याची शिफारस तर आहेच. गच्चीवर मात्र ट्रेच्या तळाची भोके बुजलेली असतील, तर आधी ती मोकळी करावीत; साचलेल्या पाण्यात पिथियमच वरचढ ठरतो.