वारा कुठून येतोय?

३ जून २०२० च्या दुपारी माझ्या भावाचा मुंबईहून निरोप आला. "वाचलो. वादळ खाली सरकलं. टीव्हीवर सांगतायत, संकट टळलं." तो निरोप वाचला तेव्हा मी रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या तहसील कचेरीत नियंत्रण कक्षात होते आणि नोंदवहीतलं श्रीवर्धनचं पान बराच वेळ कोरं होतं. खाली सरकलं म्हणजे आमच्यावर सरकलं. मुंबईला जे चुकलं ते दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहा, तळा, माणगाव या पट्ट्याच्या वाट्याला आलं, आणि ते सांगायला त्या वेळी तिकडचा एकही फोन चालू नव्हता.

मी महसूल खात्यात अव्वल कारकून. माणगावला बदली होण्याआधी बरीच वर्षं श्रीवर्धनला काढली, त्यामुळे तिकडच्या वाडीवाल्यांकडे, जीवना बंदरावरच्या कोळ्यांकडे, बोर्ली पंचतनच्या दुकानदारांकडे माझा नंबर होता. 'निसर्ग' चक्रीवादळ येणार हे १ जूनपासून कळलं होतं. २ तारखेला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, शिक्षक, मच्छीमार सोसायटीची माणसं, सगळे त्यात. श्रीवर्धन-म्हसळ्याचे लोक आमच्या तालुक्याचे नव्हेत, पण ओळखीपोटी तेही आले. मी कुणाला नको म्हटलं नाही. वादळ काही तालुक्याची हद्द बघून येत नाही.

पहिल्या दिवशी त्या ग्रुपचा उपयोग शून्य होता, हे स्पष्ट सांगते. "खूप वारा आहे मॅडम", "देवा वाचव", हात जोडलेली चित्रं, आणि व्हिडिओ. त्यातले किती तरी पंधरा दिवसांपूर्वी बंगालात आलेल्या अम्फानचे असावेत, कारण त्यात दिसणारे रस्ते आणि पाट्या कोकणातल्या नव्हत्याच. कुणी वाईट हेतूने टाकत नव्हतं. भ्यालेला माणूस हाताला येईल ते पुढे ढकलतो. पण अशा दोनशे निरोपांत एक खरा निरोप बुडून जातो.

ग्रुपला वळण लावलं म्हसळ्याच्या एका चाचांनी. आमच्या भागातली पुष्कळ माणसं बोटीवर नोकरीला असतात, तसे हे आयुष्यभर मालवाहू जहाजांवर काढून घरी आलेले. २ तारखेच्या रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, "बेटी, लोकांना वारा किती आहे ते विचारू नकोस. किती ते कुणालाच कळत नाही, सगळ्यांना आपलाच वारा मोठा वाटतो. वारा कुठून येतोय ते विचार. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. आपल्याकडे वादळाचा मधला भाग डाव्या हाताला असतो, जरासा पुढे. दहा गावांनी वाऱ्याची दिशा सांगितली तर तू खुर्चीत बसून सांगशील वादळ कुठे आहे."

बोटीवरच्या माणसांना हा नियम पाठ असतो, कारण आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचं वारं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. मी रात्रीच ग्रुपवर टाकलं. चारच गोष्टी लिहायच्या. वेळ, गाव, वारा कुठून, माणसं कशी. व्हिडिओ नको, फॉरवर्ड नको, नमस्कारसुद्धा नको. आणि सरपंचांना सांगितलं की वारा बघायचा तो खिडकीच्या फटीतून, अंगणात उभं राहून नाही.

सकाळपासून निरोप तसे यायला लागले. "९.४०, बागमांडला, वारा डोंगराकडून, सगळे घरात." "१०.०५, दिवेआगर, वारा देवळाच्या बाजूने." आता देवळाची बाजू म्हणजे कुठली? ते ठाऊक होतं म्हणून बरं. त्या गावच्या रस्त्यांवरून मी पंचनामे करत हिंडले आहे, सुवर्ण गणेशाचं देऊळ कुठे, समुद्र कुठे, सुपारीच्या वाड्या कुठे, सगळं डोळ्यांसमोर. बाहेरच्या माणसाला त्या निरोपाचा अर्थ लागला नसता. माझ्या शेजारी बसलेला तरुण शिपाई भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर पेन्सिलीने बाण काढत गेला.

अकरापर्यंत किनाऱ्यावरचे सगळे बाण जमिनीकडून समुद्राकडे जात होते. बारा वाजून गेल्यावर ते फुटले. मुरूडकडचा वारा ईशान्येकडून उत्तरेला सरकला. श्रीवर्धन-म्हसळ्याचा मात्र आग्नेयेकडून दक्षिणेला आला. एकाचा डावीकडे वळला, दुसऱ्याचा उजवीकडे. मधली जागा दिवेआगर-दिघीची. वादळ तिथून आत शिरत होतं. हवामान खात्याच्या पत्रकात 'अलिबागच्या दक्षिणेला' असं होतं आणि ते बरोबरच होतं, पण बातम्या देणाऱ्यांनी त्यातलं 'अलिबाग' तेवढं उचललं आणि 'दक्षिणेला' सोडून दिलं. कॅमेरे अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले. मला याचा आजही राग आहे. त्या एका शब्दात आमची सगळी गावं होती.

साडेबाराच्या पुढे दिवेआगरहून एका शिक्षकाचा निरोप आला. "वारा पडला. पाऊस थांबला. माझ्या वाडीत पोफळी आडव्या झाल्या आहेत, गोठ्याचे पत्रे गेलेत, गाय मोकळी आहे. जाऊन येऊ का?"

माझे हात थंड पडले. तो वादळाच्या मधोमध होता. तिथे वारा पडतो आणि मग उलट्या बाजूने येतो, आणि एका बाजूने ढिली झालेली झाडं दुसऱ्या बाजूच्या झोतात कोसळतात. टाइप करत बसले नाही, फोन लावला. नशिबाने लागला. "सर, आत जा. दार लावा. आता समुद्राकडून येणार." ते म्हणाले, "पण मॅडम, गाय..." मी म्हटलं, "सर, गाय राहू दे, तुम्ही आत जा." फोन तुटला. त्या गावाशी त्या दिवशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

वीज महावितरणने आधीच बंद केली होती आणि ते योग्यच होतं, नाही तर तुटलेल्या तारांनी माणसं मेली असती. पण वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरीवर चालतात, मग जनरेटरवर, आणि डिझेल संपलं की तेही बंद. अशा तऱ्हेने जाणारी गावं एकेक करून जातात, आधी एका कंपनीचा फोन, तासाभराने दुसऱ्याचा. श्रीवर्धन तसं गेलं नाही. सगळ्या कंपन्यांचे फोन एकदमच गेले. टॉवर पडले होते, नाही तर केबल तुटली होती. नोंदवहीत मी त्या पानावर लाल पेनने लिहिलं, 'सर्व संपर्क एकाच वेळी बंद', आणि साहेबांना दाखवलं. जिल्ह्याकडे पोलिसांच्या वायरलेसवरून, तुटक तुटक का होईना, तेवढाच निरोप गेला. आमच्या तालुक्यातून तोवर झाडं पडल्याचे, कौलं उडाल्याचे निरोप धो धो येत होते आणि वरून विचारणा त्यांचीच होत होती. साहेबांनी माझं ऐकलं. झाडं कापायची टोळी पहिल्यांदा कुठे पाठवायची हे त्या लाल ओळीवरून ठरलं. मोर्बा, साई, म्हसळा या रस्त्यावर.

मग आमची पाळी. दोनच्या पुढे माणगावचा वारा दक्षिणेचा झाला आणि कचेरीमागचं आंब्याचं झाड मुळासकट आलं. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. हवामान खात्याच्या हिशोबाने वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास, झोत त्याहून जास्त. २००९ चं फयान पाहिलेले म्हातारे म्हणत होते, त्यात एवढं नव्हतं.

त्या गडबडीत आलेला एक निरोप मी जपून ठेवला आहे. आमच्याच तालुक्यातल्या एका गावचा. आठवा, तो कोरोनाचा पहिला उन्हाळा. मुंबईहून आलेले चाकरमानी गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरणात ठेवले होते. वादळात माणसं हलवायची तर शाळेत, आणि शाळा आधीच भरलेल्या. निरोप आला, "शाळेचे पत्रे उडाले. आत बायका-मुलं आहेत. कुठे नेऊ?" पाठवणारी आशाताई. त्या गावात स्लॅबची घरं मोजकी, आणि आठवड्यापूर्वी याच चाकरमान्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत अशी तक्रार आमच्याकडे आलेली. मी काही लिहायच्या आत तिचाच दुसरा निरोप. "पाटलांनी दार उघडलं. सगळी आत घेतली. तोंडाला फडकी बांधलीत." त्या घरात दम्याचं एक म्हातारं माणूस होतं हे मला माहीत होतं. जे दार उघडलं गेलं त्याची किंमत त्या घराने पुरती जाणूनच उघडलं.

तीननंतर आमचेही फोन गेले. वादळ पाली-सुधागडच्या बाजूने घाट चढलं. संध्याकाळी बीएसएनएलचा एक फोन थोडा वेळ चालू झाला तेव्हा मुळशी-मावळकडच्या सहकाऱ्यांचे निरोप दिसले, पॉलीहाऊस भुईसपाट, रस्ते बंद. रात्री ते नाशिकच्या अंगाला गेलं आणि सकाळपर्यंत त्याचा जोर संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो. मोर्ब्याच्या पोरांनी रात्रीतूनच आपल्या बाजूची झाडं कापायला घेतली होती. कोयते, करवती, एक जेसीबी. जीप थोडी पुढे जायची, थांबायची. साईच्या पुढे जीप सोडून चालत निघालो. आडव्या पडलेल्या एका वडाखालून वाकून पलीकडे गेले तर समोरून चारपाच माणसं येत होती, अंगावर चिखल, हातात कुऱ्हाडी. ती म्हसळ्याकडून रस्ता कापत येत होती. त्यात ते चाचा. सत्तरीचा माणूस, कुऱ्हाड काही त्यांच्या हातात नव्हती, पण पाण्याचा कॅन होता. मला बघून आधी त्यांनी विचारलं, "तुमचा वारा कधी फिरला?"

त्यांच्यासोबत बोर्लीकडून पायी आलेला एक मुलगा होता. त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला वहीचा कागद दिला. दिवेआगरच्या त्याच सरांचं अक्षर. वर तारीख, वेळ, गाव. त्याखाली, "वारा पश्चिमेकडून, दुपारी सव्वा वाजल्यापासून. माणसे सुखरूप. एका आजींच्या पायाला मार, गाडी हवी. घरे: जवळजवळ सर्वांची कौले गेली. वाड्या: काही शिल्लक नाही. पाणी: विहिरीत झाडे पडली आहेत. गाय सापडली." फोन मेल्यावरही त्यांनी आम्ही ठरवलेल्या क्रमानेच सगळं लिहिलं होतं. तो कागद हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले, हे सांगायला मला लाज नाही.

त्या कागदामुळे दिवेआगरकडे पहिल्या गाडीत काय घालायचं ते कळलं. नर्स, ताडपत्र्या, पिण्याचं पाणी, आणि विहिरी मोकळ्या करायला दोर. श्रीवर्धनला पोचल्यावर वाड्या पाहिल्या. रोठा सुपारीसाठी नाव असलेलं हे गाव, आणि उभी पोफळ शोधावी लागत होती. एक ओळखीच्या काकू आडव्या माडावर हात ठेवून म्हणाल्या, "सासऱ्यांनी लावलेले गो हे." पोफळीला धरायला सात-आठ वर्षं लागतात. हेक्टरी मदत द्यायची की झाडागणिक, यावर पुढे पुष्कळ झगडावं लागलं, कारण गुंठ्यांच्या वाडीत दाटीने शेकडो झाडं असतात आणि हेक्टरच्या हिशोबात त्या कुटुंबाच्या हाती काहीच पडत नाही. शेवटी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. त्या मोजणीतही गावकऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या याद्या कामी आल्या. वीज मात्र काही गावांत पावसाळा निम्मा सरला तरी आली नव्हती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, आमच्याकडे त्याची कड तेवढी लागली. ग्रुप तोच होता. या वेळी मी नोंदवहीत आधीच सगळ्या गावांची आणि वाड्यांची नावं डावीकडे लिहून ठेवली, पुढे तासातासाचे रकाने, आणि दर तासाला ज्या नावासमोर जागा मोकळी राहील त्या गावाला आम्ही इकडून फोन करायचा असं ठरवलं. ज्याचा निरोप आला त्याला थोडं थांबायला सांगता येतं. ताम्हिणीच्या पायथ्याच्या दोन आदिवासी वाड्यांचा फोन लागेना. वारा तिकडे फारसा नव्हता, तरी पोलीस पाटलांना मोटारसायकलवर पाठवलं. वाड्या ठीक होत्या, वीज जाऊन फोनच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. पाटलांनी आपला चार्ज केलेला फोन तिथल्या एका बाईकडे दिला, रकान्यात काय सांगायचं ते तिला समजावलं आणि रात्री परत आले. दहा वाजता तिने फोन केला. वेळ, वाडी, वारा दक्षिणेचा, माणसं ठीक.