मॉर्गेज म्हणजे मेलेलं तारण
आज दिवसभर लोनचं अ‍ॅग्रीमेंट वाचून डोक्याचा पार भुगा झाला, मग कंटाळून मॉर्गेज हा शब्द आला कुठून तेच शोधत बसले. जुन्या फ्रेंचमध्ये मॉर्ट म्हणजे मेलेलं आणि गेज म्हणजे तारण!! कर्ज फेडलं की सावकाराच्या लेखी तारण मेलं, नाही फेडलं तर जमीन आपल्याला मेली, म्हणजे काहीतरी मरणारच. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कोर्टात फ्रेंच घुसली, १३६२ ला कायदा आला की युक्तिवाद इंग्रजीत करा, तरी वकील मंडळी पुढे कित्येक वर्षं फ्रेंचमध्येच खरडत होती, सवय जाते होय! पॅरोल हाही फ्रेंचमधूनच आलेला, म्हणजे तर नुसता दिलेला शब्द. आणि कॅटल (गुरं), चॅटेल (हलवता येणारी मालमत्ता), कॅपिटल (भांडवल) ही सख्खी भावंडं निघाली, मूळ अर्थ मालमत्ता, गुरं नंतर आली.