अंगठीपासून पॅकहाऊसपर्यंत: आमची वाटचाल

आम्ही बोटात घालायची यंत्रे बनवतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यातून जाणारी प्रत्येक अंगठी दोन कामे करते: बोटाची हालचाल ओळखते आणि थरथरून बोटाला काहीतरी कळवते. सुरुवातीला गिऱ्हाईक पहिल्या कामासाठी यायचे. हात फिरवला की पडद्यावरचे पान उलटते, हे पाहायला छान वाटते. पण अंगठी रोज आठ तास बोटात राहते ती दुसऱ्या कामामुळे, आणि आमचा धंदा हळूहळू त्याच बाजूला सरकला.

२००९ मध्ये प्रणव मिस्त्री यांनी एमआयटीतून दाखवलेल्या सिक्स्थसेन्स या हातवाऱ्यांनी चालणाऱ्या यंत्रात बोटांना रंगीत टोप्या आणि गळ्यात कॅमेरा होता. कॅमेऱ्याला बोट दिसत राहावे लागते. कामावरचा हात मात्र क्रेटमध्ये, यंत्रामागे, हातमोज्यात असतो. म्हणून आम्ही हालचाल बोटावरच मोजतो. त्यासाठी एलएसएम६डीएसओ हा सेन्सर वापरतो; त्वरण आणि फिरण्याचा वेग दोन्ही त्यात मोजले जातात. झटका कापला जाऊ नये म्हणून त्वरणाची मर्यादा ८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या आठपट), फिरण्याची सेकंदाला २००० अंश, आणि टिचकी नीट पकडण्यासाठी सेकंदाला ४१६ नोंदी. बोट हवेत नेमके कुठे आहे, हे मात्र आम्ही सांगत नाही. जायरोची, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाची, बारीकशी चूकही बेरजेत साचत जाते आणि दिशा सरकते. होकायंत्राने ती दुरुस्त करावी, तर आजूबाजूचे लोखंड त्याला भुलवते.

आधीची मागणी यंत्रशाळांतून आली. तिथे आमचा नियम पक्का आहे: लेथ, ड्रिल, मिलिंग अशा फिरत्या यंत्रावर अंगठी नाही, आमचीही नाही. अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जाते. मोजमापाच्या टेबलासाठी देतो, तीसुद्धा बंद कड्याची नाही. ओढ बसली की सुटणारा सिलिकॉनचा उघडा पट्टा असतो.

मग निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडची द्राक्षाची पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून भरण्याच्या शेड, आली, आणि काम खऱ्या अर्थाने जमले. एका हातात घड, दुसऱ्या हातात कैची. खराब मणी काढायचे, घड पनेटमध्ये (छोट्या डबीत) बसवायचा, ५०० ग्रॅम भरले की पुढचा पनेट. नजर सारखी घड ते काटा, काटा ते घड अशी पळते. काट्याचा आकडा बोटाला कळला तर नजर घडावरच राहते.

जोडणी सरळ आहे. काट्याच्या आरएस-२३२ या सिरियल जोडणीतून वजन बाहेर पडते, ईएसपी३२ ही छोटी नियंत्रक चिप ते वाचते आणि ब्लूटूथने अंगठीला पाठवते. मध्ये मॅक्स३२३२ ही व्होल्टेज जुळवणारी चिप हवीच; आरएस-२३२ ची पातळी थेट ३.३ व्होल्टच्या पिनला लावली तर पिन जळते. उशीर झाला की सगळे ब्लूटूथला दोष देतात, पण तिथला संपर्क आम्ही दर १५ मिलिसेकंदांनी ठेवतो. खरा उशीर काट्यातच असतो. सेकंदाला १० नोंदी देणारा काटा १०० मिलिसेकंद तिथेच घालवतो, शिवाय आकडा स्थिर करणारा त्याचा फिल्टर. म्हणून खूण आधीपासून सुरू होते: ४५० ग्रॅमला एक ठोका, ४८० नंतर जलद ठोके, ठरलेल्या वजनाला एक लांब. पनेटचे रिकामे वजन आणि वाटेत होणारी घट धरून तो आकडा पॅकहाऊसवाला स्वतः ठरवतो.

हा ठोका नीट लागणे, ही आमच्या कामाची गाभ्याची गोष्ट आहे. कातडीखालची, थरथर टिपणारी पॅसिनियन नावाची मज्जातंतूंची टोके २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. म्हणून आम्ही एलआरए जातीची, आतले वजन पुढेमागे हलवणारी मोटर घेतो. ती २०० हर्ट्झच्या आगेमागे स्वतःच्या लयीत थरथरते. मोबाईलमधल्या जुन्या, वजन फिरवणाऱ्या मोटरला पूर्ण वेगात यायला ५० ते १०० मिलिसेकंद लागतात. एलआरएला सुरुवातीला जोर आणि शेवटी ब्रेक दिला तर ठोका कडक निघतो. पण तिची लय अरुंद असते. थोडी बाजूला चालवली तरी जोर गळतो. डीआरव्ही२६०५एल हा चालक (मोटर चालवणारी चिप) लय आपोआप धरतो. मात्र मोटर अंगठीत चिकटवल्यावर, पट्टा बसवल्यावरच त्याचे कॅलिब्रेशन करावे. टेबलावर सुट्ट्या मोटरवर केलेले चालत नाही.

मोटरची सपाट बाजू बोटाकडे हवी, कारण ती त्याच दिशेने हलते. जागा तर्जनीच्या मुळाशी. टोक जास्त तीक्ष्ण असते, पण मणी चाचपायला ते मोकळे हवे. मुळाशी जोराचा फरक नीट कळत नाही आणि हात हलत असताना स्पर्श आणखी बोथट होतो. म्हणून निरोप जोरात नाही, तालात: ८० मिलिसेकंद ठोका, १०० मिलिसेकंद विसावा. थंड हॉलमध्ये बोटे गार पडतात, जाणीव कमी होते, आणि बोट आकसून अंगठी सैल होते. त्यामुळे माप गार हातावर घ्यावे.

हातवारे आम्ही तीनच ठेवले आहेत. अंगठ्याने दोन टिचक्या म्हणजे पुढचा पनेट, तळहात उलटा केला की रद्द, लांब दाब म्हणजे सुपरवायझरला बोलावणे. जास्त दिले की लक्षात राहत नाहीत आणि चुकून लागणारे वाढतात. कैचीचा खटका सेन्सरला टिचकीसारखाच दिसतो, म्हणून यंत्र घड धरणाऱ्या हातात घालायचे. हात वेगाने फिरत असेल तर टिचकी मोजायची नाही, आणि मोटर थांबल्यावरही ४० मिलिसेकंद त्वरणाकडे दुर्लक्ष करायचे. नाहीतर अंगठी स्वतःच्याच थरथरीला हुकूम समजते.

अन्न हाताळताना दागिना चालत नाही. त्यामुळे यंत्र नायट्राइल हातमोज्याच्या आत जाते, आणि पट्टा निळा असतो. तुकडा पडलाच तर द्राक्षात लगेच दिसावा म्हणून. आत घाम साठतो. चार्जिंगच्या टोकांवर बॅटरीचा दाब (व्होल्टेज) राहिला तर घामातून वीज वाहते आणि सोन्याचा मुलामाही झडतो; टोके मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) बॅटरीपासून तोडलेली असावीत. सर्किट पॉलिइमाइड या लवचीक प्लास्टिकच्या पट्टीवर असते, पण सुटे भाग फक्त मागे ताठ पत्री लावलेल्या भागावर बसतात. घडीजवळ सिरॅमिक कपॅसिटर लावावाच लागला तर त्याची लांबी घडीच्या रेषेला समांतर ठेवावी, नाहीतर तडकतो. सेन्सरवर कडक इपॉक्सी ओतू नये. आकसताना ते ताण देते आणि शून्य सरकते. अँटेना बोटाच्या वरच्या बाजूला असते, आणि तिचे मॅचिंग (रेडिओशी जुळवणी) बोटात घालूनच करावे लागते, कारण पाण्याने भरलेले शरीर २.४ गिगाहर्ट्झ शोषते.

बॅटरी ३५ एमएएच. सेन्सर आणि रेडिओ मिळून सरासरी १ मिलिअँपिअर धरला तर आठ तासांत ८ एमएएच जातात. ताशी १०० पनेट, प्रत्येकी अर्धा सेकंद थरथर आणि मोटरला ६० मिलिअँपिअर धरले तर आणखी साधारण ७. एक पाळी आरामात निघते. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते: एवढ्या लहान सेलमधून ६० मिलिअँपिअर खेचले की, थंडीत आणि शेवटच्या तासात, दाब खचतो आणि चिप रिसेट होते. म्हणून दाब उतरला की फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) मोटरचा जोर कमी करते. बाजारातला टीपी४०५६ चा तयार चार्जिंग बोर्ड या सेलला लावू नका. तो १ अँपिअरवर लावलेला असतो. आम्ही एमसीपी७३८३१ ही चार्जिंग चिप आणि ५६ किलोओहमचा रोध वापरतो, म्हणजे चार्जिंग सुमारे १८ मिलिअँपिअरवर. शून्य अंशाखाली चार्जिंग बंद, कारण सेलमध्ये लिथिअमचा थर साचतो. प्रीकूलिंगच्या (माल गार करण्याच्या) खोलीत चार्जर ठेवायचाच नाही.

सेल आयएस १६०४६ या भारतीय सुरक्षा मानकाने प्रमाणित असलेलाच घेतो, आणि रेडिओसाठी केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए मंजुरी लागते.

हंगाम उरकला की अंगठ्या धुऊन, पुसून, ३.८ व्होल्टच्या आसपास चार्ज ठेवून आणि आतला स्विच बंद करून ठेवाव्यात. पूर्ण उतरवून ठेवलेला सेल पावसाळ्यात मरतो. डिसेंबरात आम्ही त्या परत मागवतो: पट्टा नवा, सेलची क्षमता मोजून, आणि मोटरचे कॅलिब्रेशन पुन्हा, कारण पट्टा बदलला की लयही बदलते.